मानेच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज: सडपातळ, माळकरी माणसाला कसं काय?

कृष्णाकाठ
१२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते इथे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही घाबरून.

आमचे अण्णा, वय ६७, कराडजवळ गावी असतात. एस.टी.त ड्रायव्हर होते. अंगाने काटक, वजन ५८ किलो. गळ्यात माळ, मटण-मासे नाही, दारू नाही. दरवर्षी लोणंदपासून पुढे माउलींच्या पालखीबरोबर पायी जातात.

गेल्या सोमवारी सकाळी दाढी करता करता उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा खाली यावा तसं झालं. आरशात स्वतःचं अर्धं तोंड दिसेना. साबण तसाच गालावर ठेवून खाली बसले. पाच-सात मिनिटांत सगळं पहिल्यासारखं, मग उठून उरलेली दाढी केली आणि कुणाला काही बोलले नाहीत. बुधवारी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, डोळा ठीक आहे. मानेचं डॉपलर करा, आजच्या आज." (डॉपलर म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी.) रिपोर्टमध्ये उजवीकडची मानेतली धमनी ६० ते ७० टक्के अरुंद, डावीकडची साधारण ३०. रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालीय.

माझा प्रश्न हा की, असं खाणंपिणं असलेल्या माणसाच्या मानेत चरबी साचतेच कशी? आणि आम्ही तिघं भावंडं आहोत (४१, ३८, ३४), आम्हीही डॉपलर करून घ्यायचं का?

---

मुक्काम_डोंबिवली
१२ एप्रिल, रात्री १०:०५

काळजी घ्या ताई. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना माझाही नमस्कार सांगा. वाचतोय.

---

नाडी_बघतो
१२ एप्रिल, रात्री ११:२०

कृष्णाकाठ, मी फिजिशियन आहे, नाशिकला. आधी घाईचं सांगतो, कारणं नंतर.

एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा येऊन जाणं हा मेंदूच्या झटक्याचा इशारा असतो. मानेतल्या धमनीतल्या थरावरून बारीक कण सुटतो आणि डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकतो. तो विरघळला म्हणून दृष्टी परत आली. पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो, आणि हा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. ऑपरेशन लागणार असेल तर ते पहिल्या लक्षणापासून दोन आठवड्यांच्या आत झालेलं उत्तम. त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' नको. सोमवारी न्यूरॉलॉजिस्ट आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन, दोघांना दाखवा. सी.टी. अँजिओ (धमन्यांचा स्कॅन) करून टक्का पक्का करतील.

आता कारण. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटं ठेवलीत तर ठोका लागतो, साधारण तिथेच या धमनीला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. शेताच्या पाटाला फाटा फुटतो तिथे पाणी एका कडेला मंदावतं, भोवरा धरतं आणि गाळ बसतो, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. धमनीतही फाट्याच्या बाहेरच्या कडेला रक्ताचा वेग मंदावतो, आणि थर नेमका तिथेच धरतो. फरक एवढाच, की हा गाळ नुसता वर बसत नाही, भिंतीच्या आत शिरतो. बीपी, तंबाखू, साखर यांनी आतलं अस्तर दुखावलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आत जातं, त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, सूज धरते, वर खपलीसारखं आवरण तयार होतं. वीस-तीस वर्षं हे काम गुपचूप चालू असतं.

म्हणून विचारतो: बीपी? शुगर? एलडीएल किती? तंबाखू कुठल्याही रूपात, आधीही कधी? घराण्यात कुणाला लकवा, हार्ट अटॅक? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)?

---

कृष्णाकाठ
१३ एप्रिल, सकाळी ७:५०

दोन आठवड्यांचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. भावाला फोन केलाय, उद्याच साताऱ्याला जातोय.

बीपी: दोन वर्षांपूर्वी निघालं होतं. गोळी तीन महिने घेतली, मग "नॉर्मल आलं" म्हणून बंद केली. परवा १६४/९६ होतं. शुगर बॉर्डरवर. एलडीएल १४८. किडनी ठीक. तंबाखू नाही, माळकरी आहेत ना. धाकटे काका ५२व्या वर्षी लकव्याने गेले, पण ते प्यायचे, म्हणून आम्ही ते कधी मोजलंच नाही.

---

सूर्यफूल
१३ एप्रिल, सकाळी १०:३०

नाडी_बघतो, "कुठल्याही रूपात" हे फार बरं विचारलंत. आमचंच सांगते.

माझ्या सासूबाई, कोल्हापूर. तीन वर्षांपूर्वी डावा हात लुळा पडला, अर्ध्या तासात परत आला. दवाखान्यात ज्युनियर डॉक्टरने विचारलं, "तंबाखू वगैरे?" मी म्हटलं नाही. नवऱ्यानेही म्हटलं नाही. आम्ही खोटं बोलत नव्हतो. मग वरच्या डॉक्टर आल्या. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेऊन पहिल्या बोटाचं टोक बघितलं, काळपट पिवळं पडलेलं, आणि विचारलं, "मावशी, दात कशाने घासता?"

मशेरी! दिवसातून चार वेळा. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. तो वास घरात इतका मुरलेला की लग्न होऊन आले तेव्हापासून मला तो स्वयंपाकघराचाच वाटायचा. मशेरीला कुणी व्यसन म्हणतच नाही, 'दात घासणं' म्हणतात. माझ्या आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, सगळ्या लावतात, आणि कुठल्याच फॉर्मवर त्यांच्या नावापुढे तंबाखू लिहिला जात नाही.

---

नाडी_बघतो
१३ एप्रिल, दुपारी १:१५

सूर्यफूल, त्या डॉक्टरांसारखं विचारायला मीही उशिराच शिकलो. भाजला म्हणून तंबाखूचं काही कमी होत नाही. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी चढतं. धूर न ओढता तंबाखू खाणाऱ्यांतही हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं आहे. सोडायची इच्छा असेल त्यांच्यासाठी सरकारी मोफत फोन आहे: १८००-११-२३५६.

---

बोरकाट्या
१३ एप्रिल, दुपारी ३:४०

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नये. आमचे आजोबा ९१ वर्षं जगले. रोज वाटीभर तूप, पानतंबाखू, शेवटपर्यंत शेतात. त्यांचं एलडीएल कुणी मोजलं नाही. आता चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला कोलेस्टेरॉलची गोळी. माझ्या आईला दिली, तर पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरवेना. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "चालायचंच." बंद केली, आठवड्यात बरी झाली. लोकांचा विश्वास का उडतो तेही बघा.

---

नाडी_बघतो
१३ एप्रिल, रात्री ९:००

बोरकाट्या, आईंच्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. स्टॅटिनने, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, स्नायू दुखतात काहींना. त्यावर "चालायचंच" हे उत्तर नाही. डोस कमी करता येतो, त्याच जातीतली दुसरी गोळी देता येते, एक दिवसाआड देता येते, वेगळ्या जातीची औषधंही आहेत. आईंना का दिली होती ते कळलं तर पुढचं बोलू. नुसतं बंद करून ठेवू नका.

आजोबांचं मात्र पटत नाही. तुमच्या आजोबांबरोबरचे, पानतंबाखू खाणारे आणि ५५व्या वर्षी गेलेले लोक आज कुणाच्याच गोष्टीत येत नाहीत, कारण त्यांच्या नातवंडांनी त्यांना पाहिलेलंच नसतं. हे कळायला अख्खं गाव वर्षानुवर्षं मोजावं लागतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून तेच केलं. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द १९६१ साली त्याच अभ्यासातून रूढ झाला. रिस्क फॅक्टर म्हणजे शिक्षा ठरली असं नाही, शक्यता वाढली, एवढंच. आणि दोन-तीन एकत्र आले की ती नुसती बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढते.

---

परदेशी_पक्षी
१४ एप्रिल, पहाटे ४:२५

न्यू जर्सीहून लिहितोय. कृष्णाकाठ, काकांचं ५२व्या वर्षी जाणं मोजा. मी ४४ वर्षांचा, शाकाहारी, रोज पळणारा, आणि तरी हृदयाच्या धमनीत ब्लॉक निघाला. साधं लिपिड प्रोफाइल बरं होतं. मग डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए केलं (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, इथे 'एलपी लिटल ए' म्हणतात). ५० मिलिग्रॅमच्या वर धोक्याचं धरतात, माझं १३० होतं. हे जवळजवळ सगळं जन्मतःच ठरतं, आहार-व्यायामाने फारसं हलत नाही, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत ते वाढलेलं असण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त. आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुधा पुरतं. भारतातही होतं. पुण्यात माझ्या भावाने केलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: काही त्रास नसलेल्यांनी सरसकट मानेचं डॉपलर करू नये असं इथल्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०१४ साली सांगितलं आणि २०२१ साली पुन्हा तेच सांगितलं. खोटे इशारे निघतात, त्यापायी नको त्या तपासण्या आणि ऑपरेशनं होतात, त्यातूनच कधी झटका येतो. तुम्ही भावंडांनी बीपी, शुगर, लिपिड आणि हे एकदा लायपोप्रोटीन-ए करा. डॉपलर नको.

---

नाडी_बघतो
१४ एप्रिल, सकाळी ८:१०

+१. 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये डॉपलर फुकट मिळतंय म्हणून करू नका.

---

रानमेवा
१४ एप्रिल, सकाळी ११:००

जरा अवांतर. मी दर महिन्याला केस कापल्यावर सलूनवाल्या दादांकडून मान मोडून घेतो, कडकन आवाज येतो, फार बरं वाटतं. त्याने हा थर हलतो का?

---

नाडी_बघतो
१४ एप्रिल, दुपारी १२:३०

रानमेवा, ते आजपासून बंद करा. झटक्याने मान पिरगळली की धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, मग तिथे गुठळी होते. हा थराचा आजार नव्हे, वेगळाच, आणि तरुण, धडधाकट माणसालाही होतो. डोक्याला चंपी खुशाल करून घ्या, मानेला हात लावू देऊ नका.

---

रानमेवा
१४ एप्रिल, दुपारी १२:४१

बाप रे. बंद.

---

लेखणीबहाद्दर
१४ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात एक माणूस सापडला, ५३०० वर्षांपूर्वीचा. ओत्झी नाव ठेवलं. त्याचं सी.टी. स्कॅन केलं तर मानेच्या धमन्यांत चुना साचलेला! वय जेमतेम पंचेचाळीस, डोंगर चढणारा, बारीक. पुढे २०१२ साली त्याची जनुकं वाचली तेव्हा हृदयविकाराकडे झुकणारी ठेवणही सापडली. वडापाव नाही, डालडा नाही, ऑफिसची खुर्ची नाही, तरी हे. अण्णांसारखाच काटक गडी.

---

सूर्यफूल
१४ एप्रिल, रात्री ८:१५

लेखणीबहाद्दर, किती छान माहिती! तरी डालड्याला सोडू नका हं. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि चांगलं कोलेस्टेरॉल उतरवते. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ती २ टक्क्यांच्या वर चालत नाही, पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या कढईला हा नियम कोण लावणार?

आणि 'शाकाहारी' हा शब्द आपल्याला फसवतो. सासूबाईंच्या आजारपणानंतर एक महिना घरातलं मीठ वजन करून वापरलं. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चमचाभर. आमच्याकडे लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची, ताकातलं मीठ धरून ११ निघालं. मटण कुठेच नव्हतं.

---

घडीचा_डबा
१४ एप्रिल, रात्री ९:३०

घोरणं पण लिहा कुणीतरी. माझ्या मिस्टरांना झोपेत श्वास अडकायचा आजार निघाला, बीपी तीन गोळ्यांनी उतरत नव्हतं ते मशीन लावल्यावर उतरलं. आता ते झोपतात आणि शेजारचेही झोपतात.

---

लिंबलोण
१५ एप्रिल, सकाळी ६:४५

एक कारण कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या यजमानांना २०१५ मध्ये तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग मानेला रेडिएशन. बरे झाले. गुटखा तेव्हाच सुटला. गेल्या वर्षी सहज मान तपासताना डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये सूं सूं आवाज आला, डॉपलरमध्ये दोन्ही बाजूंना थर. रेडिएशनने धमनीची भिंत जाड होते आणि त्याचा परिणाम पुष्कळ वर्षांनी दिसतो, हे तेव्हा कळलं. आपल्याकडे तोंडाचे पेशंट इतके आहेत. ज्यांच्या घरी मानेला रेडिएशन झालेलं माणूस आहे त्यांनी पुढच्या भेटीत हे जरूर विचारा.

---

नाडी_बघतो
१५ एप्रिल, सकाळी ९:००

लिंबलोण, मनापासून आभार. हे मीच लिहायला हवं होतं. वरचा 'डॉपलर नको' हा सल्ला अशा रुग्णांना लागू नाही, त्यांचं बघावं लागतं. आणि आवाज आला नाही म्हणजे थर नाही असंही समजू नये.

---

बोरकाट्या
१५ एप्रिल, रात्री १०:१०

आईचा कागद शोधला. २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली तेव्हाची गोळी होती ती. म्हणजे दोन वर्षं ती बिनगोळीची आहे. शनिवारी नव्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, दुसरी गोळी मागणार आहे. आजोबांवरून माझं मत अजून तेच आहे.

---

मुक्काम_डोंबिवली
१९ एप्रिल, रात्री ९:००

कृष्णाकाठ ताई, अण्णा कसे आहेत?

---

कृष्णाकाठ
२२ एप्रिल, दुपारी ४:३०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. अण्णा घरी आलेत.

सी.टी. अँजिओत उजवीकडे ७५ टक्के निघालं. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. १९९१ साली उत्तर अमेरिकेत झालेल्या चाचणीत लक्षण दिसलेल्या आणि ७०च्या वर अरुंद असलेल्या रुग्णांना दोन वर्षं पाहिलं. फक्त गोळ्यांवर असलेल्या शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा झटका आला, ऑपरेशन झालेल्यांत ९ जणांना. ऑपरेशनमध्येही झटक्याचा धोका असतो, तोही त्या ९ मध्ये धरलेला आहे, हे त्यांनी लपवलं नाही. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "२६ पेक्षा ९ बरे. करा."

१७ तारखेला झालं. पूर्ण भूल दिली नाही, फक्त मान बधिर केली. डाव्या हातात लहान मुलांचं दाबलं की वाजणारं रबरी बदक दिलं होतं. सर्जन सांगतील तेव्हा दाबायचं, म्हणजे धमनी बंद असतानाही मेंदूला रक्त पोचतंय हे कळतं. बाहेर बाकावर बसून आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पण आत दीड तास ते बदक वाजत होतं म्हणे. अण्णा सांगतात, "हॉर्न दिल्यासारखं दाबत होतो, थांबलोच नाही."

नंतर सर्जननी बाटलीत ते काढलेलं दाखवलं. पिकल्या मक्याच्या दाण्याच्या रंगाचं, दोन फाट्यांचं, अगदी त्या जागेच्या साच्यातून काढल्यासारखं. बोटभर लांबीसुद्धा नाही. एका फाट्याच्या आत लालसर काळी गुठळी चिकटलेली होती. तोच कण सुटत होता.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जे मला घरातच मिळालं. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "बिडी-सिगारेट कधी?" मी नाही म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "माळ घालायच्या आधी ओढायचे की." अण्णांनी माळ घातली चाळिसाव्या वर्षी, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याआधी वीस वर्षं, रात्रीची गाडी असली की दोन बंडल बिड्या. खिशातली बिडी मी लहानपणी पाहिलेली आहे, वास आठवतो, आणि तरी इथे "तंबाखू नाही" लिहिलं, कारण माळेच्या आधीचे अण्णा आमच्या घरात कुणी बोलतच नाही. सोडल्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला, नाहीतर हे पन्नाशीतच झालं असतं असं डॉक्टर म्हणाले. पण सुरुवात तेव्हाची.

लायपोप्रोटीन-ए ११२ निघालं. परदेशी_पक्षी, तुमच्यामुळे ते तपासायला सांगितलं. त्यावर हे सोडलेलं बीपी. काका दारूमुळे गेले असं इतकी वर्षं म्हणत होतो, आता तसं म्हणवत नाही. मधल्या भावाचं बीपी १५०/९६ निघालं, त्याने गोळी सुरू केली. माझं ठीक आहे, लायपोप्रोटीन-एचा रिपोर्ट यायचाय.

आणि सूर्यफूल, आई मशेरी लावते. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. काही बोलली नाही, डबी उचलून आत घेऊन गेली. बघू.

---

सूर्यफूल
२२ एप्रिल, संध्याकाळी ५:०५

डोळ्यांत पाणी आलं वाचून. आईंना माझ्या सासूबाईंचा नंबर द्यायचा असेल तर व्यक्तिगत निरोप करा. सासूबाईंना सोडायला सात महिने लागले, दोनदा परत सुरू झाली होती. तोंडात बडीशेप धरायच्या.

---

लेखणीबहाद्दर
२२ एप्रिल, रात्री ८:४०

अण्णांच्या हॉर्नला सलाम! जूनमध्ये पालखी आहे, जाणार का?

---

कृष्णाकाठ
२२ एप्रिल, रात्री ९:२०

शुद्धीवर... म्हणजे शुद्धीत होतेच ते, बाहेर आणल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला. महिन्याने डॉपलर आहे, मग ठरेल. वारीच्या पिशवीत टाळांशेजारी गोळ्यांचा डबा राहील एवढं मी बघणार.

---

वाटसरू_७७
४ मे, दुपारी २:१०

नवीन सदस्य आहे, शोधताना हा धागा सापडला. आत्ता जेवताना वडिलांच्या (७१, शुगर आहे) उजव्या हातातून घास खाली पडला, बोलणं जड झालं, दहा मिनिटांत सगळं ठीक. आता झोपलेत. आज रविवार आहे, उद्या सकाळी फॅमिली डॉक्टरांना दाखवलं तर चालेल ना?

---

नाडी_बघतो
४ मे, दुपारी २:१४

नाही. आत्ता उठवा. १०८ लावा किंवा स्वतःच्या गाडीने, सी.टी. स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. परत सुरू झालं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. हात किती वाजता लुळा पडला ती वेळ कागदावर लिहून न्या. घरातली कुठलीही गोळी मनाने देऊ नका.

---

कृष्णाकाठ
४ मे, दुपारी २:१६

दादा, कृपया निघा. आमचे तीन दिवस असेच गेले होते.

---

वाटसरू_७७
४ मे, दुपारी २:१९

निघालो.